स्मार्ट थर्मोस्टॅट, खोलीतले सेन्सर आणि अलेक्सा : गराजवरच्या गार खोलीचं काय करावं?

ओसरी | ६ जानेवारी, रात्री ९:१४

नमस्कार मंडळी. आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो. घर दुमजली, १९९०च्या दशकातलं. गॅसची फर्नेस (घर गरम करणारी भट्टी) आहे आणि सगळ्या घराला मिळून एकच थर्मोस्टॅट (तापमान बघून ती चालू-बंद करणारा डबा), तोही खालच्या पॅसेजमध्ये, स्वयंपाकघराच्या दाराला लागून. सासू-सासरे साताऱ्याहून आलेत, मार्चअखेरपर्यंत आहेत. त्यांना दिलेली खोली नेमकी गराजच्या डोक्यावर येते. खाली ७० डिग्री फॅरनहाइट दाखवत असतं तेव्हा त्यांच्या खोलीत ६३-६४ असतं, म्हणजे सेल्सिअसमध्ये १७-१८. सासूबाई तक्रारीचा शब्द काढत नाहीत. शाल, स्वेटर, दोन-दोन पायमोजे घालून पलंगावर वाचत बसतात. मला ते बघवत नाही.

इथे बऱ्याच जणांकडे सेन्सरवाले स्मार्ट थर्मोस्टॅट आहेत असं जुन्या धाग्यांत वाचलं. तो सेन्सर त्यांच्या खोलीत ठेवला तर खोली खरंच गरम होईल का? दुसरं असं की सासूबाईंना स्क्रीनवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत, फोनवरचं अ‍ॅप त्यांच्या गावीही नाही. अलेक्साशी मात्र त्या बोलतात, रोज सकाळी अभंग लावायला सांगतात. मग खोलीचं तापमानही तिलाच सांगता येईल का? आणि शेवटचं, भिंतीतून चारच वायरी बाहेर आल्या आहेत. तेवढ्यावर नवा थर्मोस्टॅट चालतो का?

---

चुलाण | ६ जानेवारी, रात्री १०:०२

ओसरीताई, मी मिशिगनमध्ये हीटिंग-कूलिंगच्याच कामात आहे. गराजवरची खोली हा इथल्या घरांचा कायमचा दुखणाईत भाग. खाली गरम न केलेलं गराज, तीन बाजूंना बाहेरच्या भिंती, वर छप्पर, आणि फर्नेसपासून सगळ्यांत लांबचा डक्ट, म्हणजे गरम हवेची नळी. हवा तिथे पोचेपर्यंत निम्मा जोर गेलेला असतो.

सेन्सरबद्दल आधीच स्पष्ट सांगतो, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही. सेन्सर फक्त मोजतो. थर्मामीटर लावला म्हणून ताप उतरत नाही, तसंच हे. तुमच्या घरात एक फर्नेस, एक पंखा आणि एकच डक्टचं जाळं आहे. थर्मोस्टॅट त्या फर्नेसला 'चालू' किंवा 'बंद' एवढंच म्हणू शकतो. 'वरच्या खोलीत जास्त हवा सोड' हे त्याच्या हातात नाही.

सेन्सरमुळे बदलतं ते एवढंच की फर्नेस कोणाचं ऐकते. आत्ता ती पॅसेजचं ऐकते. तिथे ७० झालं की काम संपलं. उद्या तुम्ही फक्त वरच्या खोलीचा सेन्सर निवडलात आणि ६८ लावलंत, तर वर ६८ होईपर्यंत ती पेटत राहील. पण दोन जागांतला सहा-सात डिग्रीचा फरक तसाच राहणार, म्हणजे तोवर खाली ७४-७५ झालेलं असेल. दोन्ही सेन्सरची सरासरी घेतलीत तर वर ६५ आणि खाली ७१ अशी काहीतरी तडजोड होईल.

म्हणून माझ्या मते दोन कामं जोडीने करा. रात्री खाली कोणी नसतं, तेव्हा फर्नेसला फक्त वरच्या खोलीचं ऐकू द्या. दिवसा सरासरी ठेवा. आणि सोबत तो फरक मुळातच कमी कसा होईल ते बघा. त्यावर सविस्तर लिहितो, आधी वायरींचे रंग सांगा.

---

हिमगौरी | ६ जानेवारी, रात्री ११:२०

आम्ही टोरांटोत आहोत, आमच्याकडे इकोबीचा थर्मोस्टॅट आहे. ही कंपनी इथलीच, २००७ साली सुरू झालेली. वेगळे सेन्सर सोबत देणारं तिचं इकोबी ३ हे मॉडेल २०१४ मध्ये आलं, २०२१ पासून ती जेनेरॅक या कंपनीकडे गेली. आमच्याकडे या विषयावर घरात इतकी चर्चा झाली आहे की लिहायला घेतलं तर थांबणार नाही.

चुलाण म्हणतात ते 'रात्री एक, दिवसा एक' इकोबीत सरळ जमतं. होम, अवे, स्लीप असे वेगवेगळे कम्फर्ट सेटिंग असतात आणि प्रत्येकात कोणते सेन्सर मोजायचे ते टिक करून ठरवता येतं. आमच्याकडे स्लीपमध्ये फक्त दोन बेडरूम आहेत, होममध्ये बैठकीची खोली आणि आईची खोली.

त्यात 'फॉलो मी' नावाची सोय आहे. ज्या खोलीत माणूस आहे तिचंच तापमान धरायचं, असा तिचा हेतू. कागदावर फार छान वाटतं. पण सेन्सरला माणूस कळतो तो हालचालीवरून. स्वयंपाकघरात सतत ये-जा असते, म्हणून ते कायम 'भरलेलं' दिसतं. माझी आई दुपारी जपाला बसली की तास-दीड तास हात सोडला तर काही हलत नाही, आणि सेन्सरच्या लेखी ती खोली रिकामी. मग फर्नेस स्वयंपाकघराचं ऐकते, जिथे गॅस पेटलेला असतो, आणि आईची खोली गार पडत जाते. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप तीच माणसं सगळ्यांत कमी हलतात. म्हणून घरात वयस्क असतील तर 'फॉलो मी' बंद ठेवा, असं मी आग्रहाने सांगेन. तसंच 'घरात कोणी नाही' असं समजून आपोआप अवेवर जाणारी सोयही हे पाहुणे असेपर्यंत बंद करा.

सेन्सर ठेवायची जागा: आतल्या भिंतीवर, साधारण छातीच्या उंचीला. खिडकीत नको, व्हेंटच्या (गरम हवा येते त्या जाळीच्या) वर नको, टीव्हीमागे नको, ऊन पडतं तिथे तर नकोच. आम्ही आधी बाहेरच्या भिंतीलगतच्या कपाटावर ठेवला होता, तिथून तो पलंगाशेजारच्या भिंतीवर हलवल्यावर आकडा लगेच दोनेक डिग्रीने वर गेला.

---

ओसरी | ७ जानेवारी, सकाळी ७:४८

दोघांचे मनापासून आभार. जपाचं वाचून अंगावर काटा आला, सासूबाई अगदी अशाच बसतात.

आत्ता झाकण काढून पाहिलं. लाल, पांढरी, पिवळी, हिरवी अशा चार वायरी जोडलेल्या आहेत. मागे भोकात एक निळी वायर गुंडाळून ठेवलेली दिसते, ती कशालाच जोडलेली नाही. आणि एक सांगायचं राहिलं, झाकण काढल्यावर त्या भोकातून चक्क गार वारा बोटांना लागतो.

---

चुलाण | ७ जानेवारी, दुपारी १२:३१

निळी वायर सापडली म्हणजे बरंचसं काम झालं. लाल म्हणजे आर, ट्रान्सफॉर्मरकडून येणारा २४ व्होल्टचा पुरवठा. पांढरी डब्ल्यू, हीटिंगची. पिवळी वाय, एसीची. हिरवी जी, पंख्याची. जुन्या थर्मोस्टॅटला एवढ्यावर भागायचं, कारण तो म्हणजे नुसता स्विच. वायफाय आणि स्क्रीनवाल्याला दिवसभर वीज लागते, त्यासाठी परतीची वायर हवी. तिला सी म्हणतात. बहुतेक घरांत निळी असते, पण रंगावर विश्वास ठेवू नका, ती फर्नेसच्या बोर्डावर कुठे जाते ते बघा. तिथेही ती मोकळीच असणार. दोन्ही टोकांना जोडावी लागते.

करायला बसलात तर आधी फर्नेसचा स्विच किंवा ब्रेकर बंद करा, मग आहे त्या जोडणीचा फोटो काढा, आणि मगच स्क्रूला हात लावा. वीज चालू असताना लाल वायर निळीला टेकली तर बोर्डावरचा फ्यूज जातो. तो गाडीत असतो तसाच पात्यांचा, ३ किंवा ५ अँपियरचा. बदलायला स्वस्त आहे, पण रविवारी रात्री कडाक्याच्या थंडीत तो शोधत फिरायची वेळ येऊ नये. घरात वयस्क आहेत, तेव्हा हे काम सकाळी करा, संध्याकाळी नको.

ज्यांच्याकडे पाचवी वायर नाहीच त्यांच्यासाठी इकोबी बहुतेक मॉडेलांच्या डब्यातच एक छोटा जोड देते, तो फर्नेसपाशी बसवायचा. चार वायरींवर काम होतं.

आता त्या भोकातल्या वाऱ्याबद्दल. हे फार महत्त्वाचं आहे आणि बहुतेक जण तिकडे बघतही नाहीत. भिंतीच्या पोकळीतली हवा थेट थर्मोस्टॅटच्या पाठीवर येते आणि तो भलतंच तापमान वाचतो. तुमच्याकडे गार येते म्हणजे तो खोलीपेक्षा कमी वाचत असणार. उन्हाळ्यात माळ्यावरची गरम हवा आली की उलटं. वायरींभोवती थोडी पुट्टी किंवा फोम भरून भोक बुजवा, दोन डॉलरचं काम आहे. स्वयंपाकघरालगतच्या जागेमुळे येणारा दोष मात्र तसाच राहील, तो सेन्सरनेच सुटेल.

---

शब्दवेधी | ७ जानेवारी, संध्याकाळी ६:१०

सिअ‍ॅटलहून. मी बोलून चालवण्याच्या भागावर लिहितो, कारण आमच्याकडे बाबा सहा-सहा महिने असतात आणि घरातला सगळ्यात जास्त बोलणारा माणूस तेच आहेत.

अलेक्साला 'टेंपरेचर सेव्हंटी' सांगितलं की आकडा बदलतो, पण सोबत 'होल्ड'ही लागतो. म्हणजे तुम्ही नीट बसून लावलेलं वेळापत्रक बाजूला पडतं. हा होल्ड किती वेळ टिकायचा ते थर्मोस्टॅटच्या सेटिंगमध्ये असतं: दोन तास, चार तास, वेळापत्रकातल्या पुढच्या बदलापर्यंत, किंवा 'मी बदलेपर्यंत'. हा शेवटचा पर्याय लावलेला असेल तर पहाटे चारला कोणी तरी म्हटलेलं ७४ दुसऱ्या दिवशी दुपारीही तसंच असतं. स्मार्ट थर्मोस्टॅट वेळापत्रक पाळत नाही अशी तक्रार ऐकली की मी आधी होल्ड बघायला सांगतो. पाहुणे असतील तर दोन तास ठेवा. थंडी वाजली, बोललं, दोन तास ऊब मिळाली, मग गाडी रुळावर.

दुसरं म्हणजे मर्यादा. हीटिंगला कमाल किती जाऊ द्यायचं ते थर्मोस्टॅटमध्येच बांधून टाका. आम्ही ७३ ठेवलं आहे. मग कोणी ८० म्हणालं तरी चालत नाही, आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला 'असं बोलू नका' म्हणायची वेळ येत नाही. मला हे दुसरं जास्त मोलाचं वाटतं.

तिसरं म्हणजे नावं. थर्मोस्टॅटचं नाव छोटं, उच्चाराला सोपं ठेवा. अ‍ॅपमध्ये सासूबाईंच्या खोलीतली अलेक्सा आणि थर्मोस्टॅट एकाच गटात टाका, म्हणजे त्यांना नाव घ्यावंच लागत नाही, आकडा सांगितला की पुरतं. त्याहून सोपं हवं असेल तर रूटीन (ठरावीक शब्द म्हटले की आपोआप होणारं काम) बनवा. बाबांसाठी आम्ही 'कोल्ड रूम' एवढे दोनच शब्द ठेवलेत. ते म्हटलं की ७१ होतं आणि अलेक्सा ते बोलून सांगते. बोलून सांगणं ठेवाच. स्क्रीन न दिसणाऱ्या माणसाला काम झालं की नाही हे कळायचा दुसरा मार्ग नाही, आणि नाही कळलं की ते परत परत सांगत राहतात.

---

गारवा | ७ जानेवारी, रात्री ८:५५

ह्यूस्टनहून दोन वेगळे मुद्दे.

एक, इथे बऱ्याच घरांत हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारं यंत्र) असतो, त्यांनी वरचं सगळं जसंच्या तसं घेऊ नये. गॅसच्या फर्नेसला ६२ वरून ७० वर जायला अडचण नसते. हीट पंप हळूहळू काम करतो. एकदम मोठी उडी मागितली की तो मदतीला विजेच्या कॉइल पेटवतो, ज्याला ऑक्झिलरी हीट म्हणतात, आणि बिल तिथे फुगतं. तेव्हा हीट पंपवाल्यांनी रात्री फार खाली उतरवायचं नाही, दोन-तीन डिग्री पुरे. बोलून बदल करतानाही एकेक डिग्रीच वाढवायला सांगा. बाहेर अमुक तापमानाच्या वर असेल तर कॉइल पेटवायच्याच नाहीत अशी मर्यादा सेटिंगमध्ये असते, ती नक्की लावा.

दोन, वीज कंपन्यांच्या सवलतीच्या योजना. थर्मोस्टॅट फुकट किंवा स्वस्त मिळतो, त्या बदल्यात उन्हाळ्यात मागणी वाढेल त्या दिवशी ते तुमचा आकडा वर नेऊ शकतात. जून २०२१ मध्ये टेक्सासमध्ये अनेकांना झोपेतून उठल्यावर घर तापलेलं मिळालं, ते अशाच योजनेमुळे. ऑगस्ट २०२२ मध्ये कोलोरॅडोत सुमारे २२,००० ग्राहकांचे थर्मोस्टॅट काही तास कुलूपबंदच झाले होते. एरवी बहुतेक वेळा स्वतः आकडा बदलून त्यातून बाहेर पडता येतं, त्या दिवशी तेही जमत नव्हतं. योजना वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही. ग्रिडवरचा ताण खरा असतो आणि आम्ही स्वतः एका योजनेत आहोत. पण घरात वयस्क, तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल तर सही करायच्या आधी अटी वाचा.

---

दवबिंदू | ८ जानेवारी, पहाटे ४:४०

लंडनहून लिहिते आहे. आमच्याकडे डक्ट नाहीत, बॉयलर आणि रेडिएटर. त्यामुळे इथे खोलीनिहाय तापमान खरोखरच शक्य आहे, कारण प्रत्येक रेडिएटरला स्वतःचा व्हॉल्व्ह असतो. टॅडोसारखे स्मार्ट व्हॉल्व्ह बसवले की त्या खोलीपुरतं पाणी सोडता-अडवता येतं. अडचण अशी की व्हॉल्व्ह रेडिएटरला चिकटलेला, त्यामुळे तो खोली आहे त्यापेक्षा गरम समजतो आणि लवकर बंद होतो. म्हणून खोलीच्या दुसऱ्या टोकाला वेगळा सेन्सर ठेवून त्याच्याशी जोडणं चांगलं. भिंतीवरचा थर्मोस्टॅट ज्या खोलीत आहे तिथल्या रेडिएटरला मात्र असा व्हॉल्व्ह लावू नये, दोघे एकमेकांशी भांडत बसतात.

आणि ओसरी, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत थंड प्रदेशातल्या घरांसाठी किमान १८ डिग्री सेल्सिअस सुचवलेलं आहे, आणि वयस्क, लहान मुलं आणि आजारी माणसांसाठी त्याहून जास्त लागू शकतं असंही म्हटलं आहे. तुमची खोली त्या रेषेवर किंवा खालीच आहे. त्या सोसतात म्हणून चालवून घेऊ नका.

---

पारिजात | ८ जानेवारी, सकाळी १०:२२ (पुणे)

वाचायला मजा येते आहे. आमच्या पुण्यात थर्मोस्टॅट भिंतीवर नसतो, पण दुखणं तेच. स्प्लिट एसीचा सेन्सर छताजवळच्या त्या युनिटमध्येच असतो, आणि पलंग खाली. काही एसींच्या रिमोटवर 'आय फील' असं बटण असतं. ते दाबलं की एसी रिमोटपाशी असलेलं तापमान धरतो. रिमोट उशाशी ठेवला की काम झालं. ते बटण कशाचं हे कित्येकांना माहीतच नसतं.

अलेक्साला जोडायचा साधा मार्ग म्हणजे आयआर ब्लास्टर, रिमोटसारखे सिग्नल सोडणारा छोटा डबा. पण तो एकतर्फी असतो. तो सिग्नल सोडतो, एसीने ऐकलं की नाही हे त्याला कळत नाही. कोणी हाताने एसी बंद केला तरी अ‍ॅपमध्ये तो चालूच दिसतो. १ जानेवारी २०२० पासून नवे स्टार लेबलचे एसी चालू केल्यावर २४ वर सुरू होतात, तो ऊर्जा दक्षता ब्यूरोचा नियम. आम्ही २६ आणि पंखा असं ठेवतो, छान झोप लागते.

---

कडीकुलूप | ८ जानेवारी, रात्री ९:०५

गैरसमज नको, मी या वस्तूंच्या विरोधात नाही. पण दोन गोष्टी लक्षात घेऊन विकत घ्या.

पहिली, आयुष्य. हनीवेलचा तो गोल थर्मोस्टॅट १९५३ मध्ये आला, आणि तसले गोल डबे आजही कित्येक भिंतींवर निमूट चालू आहेत. नेस्टचा पहिला थर्मोस्टॅट २०११ मध्ये आला, २०१४ मध्ये गूगलने ती कंपनी ३.२ अब्ज डॉलरला घेतली, आणि २५ ऑक्टोबर २०२५ पासून पहिल्या दोन पिढ्यांच्या लर्निंग थर्मोस्टॅटचा पाठिंबा बंद केला. भिंतीवर हात लावून ते अजून चालतात, पण फोनवरून किंवा बोलून नाही. ज्यांनी याच दोन गोष्टींसाठी पैसे मोजले त्यांनी काय करायचं? म्हणून घेताना बघा की इंटरनेट गेलं तरी भिंतीवरून सगळं करता येतं का, आणि घरातल्या घरात जोडणी होते का. इकोबी अ‍ॅपलच्या होमकिट या घरगुती उपकरणं जोडायच्या सोयीतून क्लाउडशिवाय (इंटरनेटवरच्या सर्व्हरशिवाय) चालतो, हा मला त्याचा मोठा गुण वाटतो.

दुसरी, माहिती. हालचाल टिपणारा सेन्सर म्हणजे घर कधी रिकामं असतं, कोण किती वाजता उठतं याची रोजनिशीच. २८ मार्च २०२५ पासून अलेक्साने बोलणं क्लाउडला न पाठवता उपकरणातच ठेवायचा पर्याय काढून टाकला. रेकॉर्डिंग साठवू नका असं सांगता येतं, ते तरी करा. आणि सासू-सासऱ्यांच्या खोलीत माइक ठेवताना त्यांना हे समजावून विचारा. माइक बंद करायचं बटण कोणतं ते दाखवा. ते त्यांचं झोपायचं ठिकाण आहे.

---

हिमगौरी | ८ जानेवारी, रात्री ९:४८

कडीकुलूप, शेवटचा मुद्दा पूर्ण पटला. आम्ही आईच्या खोलीत फक्त सेन्सर ठेवला, बोलका डबा बाहेर पॅसेजमध्ये. दार उघडून एक हाक मारली की झालं.

---

ओसरी | १८ जानेवारी, दुपारी ३:३०

थोडा उशीर झाला, पण काम करूनच लिहायचं ठरवलं होतं.

इकोबी बसवला. निळी वायर फर्नेसपाशीही मोकळीच होती, चुलाण यांनी सांगितल्याप्रमाणे दोन्हीकडे जोडली. भोक बुजवलं. सेन्सर सासूबाईंच्या पलंगाशेजारच्या आतल्या भिंतीवर. रात्री फक्त त्यांची खोली, दिवसा ती आणि बैठकीची. 'फॉलो मी' बंद. होल्ड दोन तास, कमाल ७३. खोलीत अलेक्सा ठेवायची का, हे त्यांना विचारलं. सासरे नको म्हणाले, सासूबाईंना हवी होती. शेवटी ती जिन्याच्या वरच्या कट्ट्यावर ठेवली आहे, 'कोल्ड रूम' तिथून ऐकू जातं.

रात्री आता त्यांच्या खोलीत ६८ टिकतं, सासरे पहाटे उठले तरी नुसत्या सदऱ्यावर असतात. पण चुलाण म्हणाले तसंच झालं, त्या वेळी खाली ७४ असतं. फर्नेस रात्री पुष्कळ वेळ चालते. एका ओळखीच्यांनी सुचवलं की खालच्या सगळ्या खोल्यांचे व्हेंट बंद कर, सगळी हवा वर जाईल. करू का?

---

चुलाण | १८ जानेवारी, संध्याकाळी ५:१२

सगळे बंद अजिबात करू नका. फर्नेसचा पंखा ठरावीक हवा ढकलायला बनवलेला असतो. बरेचसे व्हेंट बंद केले की डक्टमधला दाब वाढतो, हवा कमी वाहते, फर्नेसच्या आतला, हवा तापवणारा हीट एक्स्चेंजर जास्त तापतो आणि सुरक्षेचा स्विच पडून फर्नेस मध्येच बंद होते. वर्षानुवर्षं असं चाललं तर त्या एक्स्चेंजरला तडा जाऊ शकतो. उन्हाळ्यात हेच केलं तर एसीच्या कॉइलवर बर्फ जमतो.

त्याऐवजी तळघरात जा. फर्नेसमधून निघणाऱ्या मोठ्या डक्टला फाटे फुटतात, त्या प्रत्येक गोल फाट्यावर सुरुवातीलाच एक छोटा दांडा किंवा पाकळीचा नट दिसतो का बघा. तो डँपरचा, म्हणजे आतल्या हवा अडवणाऱ्या झडपेचा. दांडा नळीला समांतर असेल तर पूर्ण उघडा, आडवा असेल तर बंद. गराजवरच्या खोलीचा फाटा पूर्ण उघडा आहे ना ते आधी तपासा, कित्येक घरांत तोच अर्धा मिटलेला सापडतो. मग खालच्या ज्या खोल्या सगळ्यांत गरम होतात त्यांच्या फाट्यांचे डँपर थोडेसे, चतुर्थांशापर्यंत मिटा. एक दिवस थांबा, दोन्ही सेन्सरचे आकडे बघा, मग पुढचं. घाई करू नका. इथे तुमचे सेन्सर खऱ्या अर्थाने कामाला येतील. पूर्वी आम्हाला हे अंदाजाने करावं लागायचं, आता घरमालकालाच अ‍ॅपमध्ये फरक दिसतो.

खोलीत हवा जायला जशी वाट लागते तशी परतायलाही लागते. त्यांच्या खोलीत परतीचा व्हेंट नसेल आणि ते रात्री दार लावून झोपत असतील, तर दाराखाली किमान बोटभर फट हवी.

पंखा तासाला १५-२० मिनिटं नुसताच फिरवायची सोय आहे, तीही लावून बघा, वरची-खालची हवा मिसळते. गारवा यांच्यासारख्या दमट हवेतल्या लोकांनी उन्हाळ्यात ते टाळावं, कॉइलवरचं पाणी परत घरात येतं.

आणि मूळ दुखणं गराजच्या छतात आहे. तिथे इन्सुलेशन किती आहे ते वसंतात तपासून घ्या, फटी बुजवा. त्याने फक्त थंडी अडत नाही, गाडीचा धूरही वर येत नाही. गराजवर झोपणारी माणसं आहेत, तर त्या मजल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना ते आजच बघा, आणि गराजमध्ये गाडी गरम करत उभी ठेवू नका, दार उघडं असलं तरी.

---

गारवा | १८ जानेवारी, संध्याकाळी ७:२६

+१, विशेषतः अलार्मला.

बिलाबद्दल ओसरीला थोडा दिलासा. एनर्जी स्टार या अमेरिकी सरकारी ऊर्जाबचत योजनेच्या म्हणण्याप्रमाणे स्मार्ट थर्मोस्टॅटने हीटिंग-कूलिंगच्या बिलात सरासरी सुमारे ८ टक्के बचत होते, आणि अमेरिकी ऊर्जा खातं म्हणतं की दिवसातले आठ तास ७ ते १० डिग्री उतरवलं तर वर्षाला १० टक्क्यांपर्यंत. पण हे आकडे दिवसा रिकाम्या असणाऱ्या घरांना लागू पडतात. तुमच्याकडे दिवसभर माणसं आहेत, या थंडीत बचतीची अपेक्षाच धरू नका. तुम्ही ऊब विकत घेत आहात. सासू-सासरे परत गेले की वेळापत्रक बदला, तेव्हा बचत दिसेल.

---

तळ्यातमळ्यात | १९ जानेवारी, सकाळी ८:०३

मध्येच घुसते, माफ करा. आम्ही मॉन्ट्रियलला भाड्याच्या घरात आहोत. फर्नेस नाही, प्रत्येक खोलीत भिंतीच्या तळाशी विजेचे हीटर आणि प्रत्येकाचा वेगळा थर्मोस्टॅट. त्यातला एक उघडून पाहिला तर दोनच जाड वायरी आहेत. इकोबी चालेल का?

---

चुलाण | १९ जानेवारी, दुपारी १२:४५

नाही, आणि कृपया लावून बघू नका. जाड वायरी म्हणजे ते २४ नाही, २४० व्होल्ट आहेत. इकोबी किंवा नेस्ट त्यावर जोडला तर जळेल, आग लागायचाही धोका आहे. तुम्हाला लाइन व्होल्टेजचा थर्मोस्टॅट लागेल. मायसा ही न्यूफाउंडलंडची कंपनी अगदी अशाच हीटरसाठी बनवते, अलेक्सा, गूगल, होमकिट तिन्हींना जोडता येतो. तुमच्याकडे खोलीगणिक वेगळा हीटर असल्यामुळे वेगळ्या सेन्सरची गरजच नाही, ज्या खोलीत माणसं जास्त तिथला एकच आधी बदला. मायसाला साधारणपणे चार वायरी लागतात. दोनच असतील तर दोन वायरींवर चालणारा एखादा थर्मोस्टॅट तुमच्या हीटरला चालतो का ते आधी विचारा. भाड्याचं घर आहे, तेव्हा मालकाची लेखी परवानगी घ्या आणि जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. जुना थर्मोस्टॅट जपून ठेवा, घर सोडताना परत लावावा लागेल.